ताण की तान

सुमतीबाई चहाबरोबर मिठाचा खडा चोखत. आम्ही बिस्किट बुडवायचो आणि त्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून खडा काढायच्या. "बाई, जोडीला कैरी आणू का?" असं मी चिडवलं की म्हणायच्या, "पवार, माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं. त्यासाठी आधी खायला तर हवं!"

नगरच्या एका रुग्णालयात आम्ही दोघं प्रयोगशाळा चालवायचो. त्या प्रमुख, मी मदतनीस. संकट आलं की मूत्रपिंडांवरच्या दोन चिमुकल्या ग्रंथी जी हॉर्मोन सोडतात, त्यांचा माग लघवीत काढायचा, हे बाईंचं वेड. लघवीत रसायनं मिसळली की नळीत जांभळा रंग उतरे. रंग जितका गडद, तितकी हॉर्मोन जास्त. एन्झाइम म्हणजे काय, हे त्यांनी मला आपल्या जिल्ह्याच्या भाषेत समजावलं. "ग्रंथी म्हणजे साखर कारखाना, हॉर्मोन म्हणजे साखर आणि एन्झाइम म्हणजे आतले कामगार. कामगार बसले की ऊस नुसता पडून राहतो."

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडे खडी फोडायची कामं निघाली. तिथल्या बायकांचा ताण मोजायचं बाईंनी मनावर घेतलं. बाई मूळच्या पुण्याच्या, त्यांचा ण अगदी ठसठशीत. "तुम्हाला ताण जाणवतो का?" त्या विचारत.

"व्हय बाई, लई तान हाय," जिला विचारावं ती म्हणे.

बाई खूश. सगळ्यांना बाटल्या वाटल्या, दिवसभराची लघवी साठवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बहुतेक बाटल्यांच्या तळाशी घोटभर गढूळ पिवळं. हौसाबाई नावाच्या थोराड बाईनं आपली बाटली पुढे केली. "आवो बाई, तान लागलीया म्हून तर सांगत हुतो आमी. पोटात पानीच न्हाई, तर बाटली भरायची कशानं?"

बाई खो खो हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पवार, मी माझा ण घेऊन बसले, आणि त्या तिथे तहानेनं मरतायत." मोजणी तिथेच थांबली. बाई रोज मामलेदार कचेरीत जाऊन ठाण मांडू लागल्या. शेवटी साहेब वैतागले आणि कामावर टँकर आला. मगच बाटल्या पुन्हा वाटल्या.

संक्रांतीपर्यंत बाई काळवंडल्या. आम्हाला वाटलं, उन्हानं. पण हिरड्या आणि तळहाताच्या रेषाही काळ्या पडल्या, तेव्हा त्यांनी स्वतःचीच बाटली भरून माझ्यापुढे ठेवली. नळीत जांभळा रंग उतरला नाही. मी ताजी रसायनं घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाईंनी नळी खिडकीशी धरून पाहिली.

"काम स्वच्छ केलंत हो," म्हणाल्या. "आमचा कारखाना बंद पडला, पवार."

तरुणपणी झालेल्या क्षयानं त्या ग्रंथी पोखरल्या होत्या. मीठ अंगात टिकत नव्हतं, म्हणून तो खडा. त्या दिवशी मला चहा गेला नाही.

पुण्याहून गोळ्या आल्या. त्यांच्या आधारावर बाई उभ्या राहिल्या, कामावर जाऊही लागल्या. पण वैशाखात साधा ताप आला आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरेना. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, पण उशीर झाला होता. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले.

"पवार, तान लागलीय."

ण नाही, न. मी चमच्यानं पाणी दिलं. ते ओठांवरून ओघळून उशीवर गेलं. दुपारी बाई गेल्या. इतकं पोरकं मला आई गेली तेव्हाच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईला सांगायला खडीच्या कामावर गेलो. ती टँकरच्या नळाखाली हंडा धरून होती. मी सांगितलं. हंडा भरून वाहू लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं विचारलं, "जाताना तान भागली का वो बाईंची?"

"भागली," मी म्हणालो.