समुद्राकडची खोली, मधल्या भावात

सरहद्दीपलीकडची वाट पुन्हा मोकळी झाली तसं आमच्या हुमनाबादच्या अडत दुकानावर एखादा तरी विचारतोच, "शिवप्पा, तुम्ही अलिबागेच्या हाटेलात राहून आलात म्हणं. पैसे वसूल व्हतेत का?" होतात. कसे होतात ते सगळं सांगतो, कारण पैसे वसूल करण्यात आमच्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, हात धरणारा माणूस बिदर जिल्ह्यात सापडायचा नाही. तरीही आमच्या हातून काय निसटलं, तेही सांगतो.

जायचं ठरलं ते अक्कामुळं. अक्का आमची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दुबलगुंडीला आमच्याच घरी असायची, आणि आई लवकर गेल्यामुळं आम्हा दोघा भावांना वाढवलेलंही तिनंच. तिला दमा होता. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि म्हणाले, "औषधं पुष्कळ झाली. आता समुद्राची हवा द्या." अण्णानं गादीवर बसल्या बसल्या बरेच दिवस विचार केला आणि तुरीची आवक वाढायच्या आत, माघात, जाऊन यायचं ठरवलं. मला हमाल म्हणून सोबत घेतलं.

दुबलगुंडीहून हुमनाबादपर्यंत बैलगाडी, तिथून गुलबर्ग्याला सर्व्हिस मोटार. मोटारीत पुढची जागा मागून घ्या, मागं बसलात तर नाकातोंडात धूळ जाते. गुलबर्ग्यात सराफाकडून कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये घ्या. निजामाचा हाली रुपया इलाख्याबाहेर कुणी हातात धरत नाही. संध्याकाळच्या मेलगाडीनं निघालो, दुसऱ्या दिवशी मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं धरमतर आणि पुढं मोटारीनं अलिबाग. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरून न्या. पोचेपर्यंत टिकते, आणि वाटेतल्या खाण्यापेक्षा शंभरपट बरी.

लाँचमध्ये अक्कानं डोळे गच्च मिटून घेतले होते. तीही भावाला अण्णाच म्हणायची. "अण्णा, हे बूड कामून हलायलंय?"

"खाली पाणी हाय, अक्का."

"मग पान्यात कामून आणलास रं मला?"

हॉटेल समुद्राला लागूनच होतं. फार मोठ्या लोकांचं नाही, अगदी धर्मशाळेसारखंही नाही. मागच्या खोल्या स्वस्त, बाजूच्या मध्यम, आणि वरच्या मजल्यावर समुद्राकडं तोंड केलेली एकच खोली, ती महाग. राहणं, दोन वेळचं जेवण, दोन वेळचा चहा सगळं भाड्यातच. आमच्याकडं अडतीवर भाव तोंडानं होत नाही, उपरण्याखाली बोटं धरून होतो, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. अण्णानं सवयीनं हातावर उपरणं टाकलं आणि हात मालकांपुढं केला. मालक म्हणजे एक म्हातारे, मऊ बोलणारे गृहस्थ.

"हाताला काय लागलंय का तुमच्या?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"न्हाई, भाव करायलाव. धरा की."

त्यांनी भीत भीत उपरण्याखाली हात घातला. अण्णानं कुठलं बोट किती वेळा दाबलं ते त्यांना काय कळणार! शेवटी घाम पुसत म्हणाले, "अहो, सध्या गर्दी नाही. घ्या वरची खोली बाजूच्या भावात, पण माझा हात सोडा." मी हसून हसून बाहेर जाऊन बसलो. तेव्हा या ठिकाणी जाणाऱ्यांनी सुटीचे दिवस टाळावेत, चार दिवस एकदम सांगावेत आणि वरची खोली मागावी. बोटं धरली नाहीत तरी चालेल.

खोलीला समुद्राकडं तीन खिडक्या होत्या, माणसाएवढ्या. आम्ही आत पाऊल टाकलं आणि वाऱ्याचा एक झोत आला. अक्काला ठसका लागला. अण्णा धावला.

"शिवा, झाक, झाक! गार वारं हाय. हिचा जीव घेईल."

आमच्याकडची घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना हे कळायचं नाही. आमच्या घरांना बाहेरच्या भिंतीत खिडकी नसते. चोराची भीती, उन्हाची भीती. माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, धूर जायला एक भोक, साणं म्हणतात त्याला, तेवढाच उजेड. खिडकीचं काय करायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि वारा म्हणजे बाधणारी गोष्ट हे मात्र जन्मापासून ठाऊक. तिन्ही खिडक्या लावल्या. फटीतून वारा शिट्टी घालायला लागला तसं अण्णानं आपलं जुनं धोतर फाडून त्या फटीही बुजवल्या. मग अक्काला घोंगडं पांघरून, कानाला पदर बांधून बसवलं.

आणि आम्ही पैसे वसूल करायला लागलो. एक जेवण चुकवलं नाही. अक्का पहाटे गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची, तिला लागेल तेवढं ऊन पाणी अण्णा हक्कानं वर मागवायचा. भाताला कंटाळून त्यानं भाकरी मागितली, तर तांदळाची आली. कागदासारखी पांढरी. अक्का म्हणाली, "आजारी हाय वाटतं ही." सोलकढी मात्र तिला आवडली, वाटीवर वाटी प्यायली. किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो, तो आम्ही दोघा भावांनी बघितला. अक्काला आम्ही वाळूत न्यायचो ते भर दुपारी, वारा पडलेला बघून, तोंडावर पदर घेऊन. ती मुकाट्यानं बसायची. समुद्र बघून एवढंच म्हणाली, "एवढं पानी, आन आपल्या हिरीला चार परस खोल बी न्हाई." खोकला काही कमी नव्हता.

निघायच्या दिवशी सामान खाली गेलं. मी अक्काला आणायला वर गेलो तर मालक खोली मोकळी करायला आलेले. त्यांनी फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या होत्या, तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि मधल्या खिडकीत अक्का उभी होती. कानाचा पदर सुटलेला, केस उडत होते. मला वाटलं आता ठसका लागेल. लागला नाही. ती लांब श्वास घेत होती, पुन्हा घेत होती, एखाद्या पोराला नवा खेळ सापडावा तशी.

"शिवा," ती म्हणाली, "दम लागंना की रं."

तिनं खिडकीबाहेर हात काढला.

"हे रोज असंच हुतं व्हय भाईर?"

"व्हय, अक्का."

अण्णा हाका मारत वर आला. मालक त्याला म्हणाले, "अहो, या वाऱ्याचेच तर पैसे घेतो मी. जेवण काय, कुठंही मिळतं."

अक्का म्हणाली, "अण्णा, दोन दिस ऱ्हाऊ की." तोवर आयुष्यात तिनं आमच्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते पहिलंच.

पण खाली मोटार भोंगा वाजवत होती, परतीची तिकिटं काढलेली होती, दुकानात तुरीच्या गाड्या येऊन पडल्या असत्या. अण्णाचा चेहरा उतरला. "पुढच्या माघात येऊ, अक्का. ह्याच खोलीत. आठ दिस. आल्या आल्या खिडक्या उघडू." अक्कानं मान हलवली आणि पदर पुन्हा कानाला बांधला. तेव्हा आम्हाला तो वायदा खरा वाटला होता.

परतताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागतं, नारळ वर ठेवा म्हणजे लवकर सुटका होते.

पुढचा माघ आला तेव्हा निजामाच्या इलाख्यात लुटालूट करणाऱ्या टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता. सरहद्द ओलांडणं जिवावरचं झालं, माणसं रात्रंदिवस दारं लावून बसली. अक्का साण्याखाली बाज टाकून पडायची. एकदा म्हणाली, "अलिबाग ऱ्हाऊ दे. भिंतीला एक खिडकी तरी पाड, अण्णा."

"ह्या दिसांत? चोरायला वाट करून द्यावी व्हय? जरा निवू दे सगळं."

चूक म्हणता येत नाही त्याला. शेजारच्या गावात घरं फोडलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. पण सगळं निवायच्या आधी, ऐन श्रावणात, अक्का गेली. शेवटी तिला श्वास पुरत नव्हता, आणि अण्णा तिला पंख्यानं वारा घालत होता. मला अजून वाईट वाटतं ते त्या चार दिवसांचं. समुद्राकडची खोली आम्ही मधल्या भावात मिळवली आणि तिच्यातलं सगळं घेतलं, फक्त वारा तेवढा घेतला नाही.

सरहद्दीपलीकडून फौजा आल्या, निजामाची सत्ता गेली, धुमाकूळ थांबला, तसा अण्णानं गवंडी बोलावला.

"केवढी ठिवू?" गवंड्यानं विचारलं. अण्णानं दोन्ही हात पसरले. तेवढ्यानं भागेना, म्हणून मला शेजारी उभं करून माझेही पसरायला लावले. "अण्णा, ही खिडकी न्हाई, दार झालं की!" गवंडी हसायला लागला, आणि आम्ही हसत नाही हे बघून थांबला.

खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी करडईच्या रानावरून कोरडा वारा येतो. दुकानातून आला की अण्णा अक्काच्या बाजेवर जाऊन बसतो. मागच्या आठवड्यात सुतार माप घ्यायला आला होता. "झडपा कशाच्या करू? सागाच्या का बाभळीच्या?"

"झडपा नगंत," अण्णा म्हणाला. "उघडीच ऱ्हाऊ दे."