ताईचं गंगावन

भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली..." आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो ताईला आंघोळ कोण घालणार, हा! पिंप्राळ्याहून धुळ्याला पोहोचेपर्यंत मी दोनदा फोन करून बजावलं, "मी आल्याशिवाय तिच्या डोक्याला कुणी हात लावू नका." सगळ्यांना वाटलं, धाकट्या बहिणीची माया. होतीच की. पण दीड महिना उलटला तरी खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

ताईला विसाव्या वर्षी चाई लागली. टाळूवरचे केस गेले ते गेलेच. कानामागे, मानेवर तेवढे आखूड, कुरळे राहिले. त्यातच धुळ्याचं स्थळ आलं. आई म्हणाली, "लग्न झाल्यावर सांगू." जळगावच्या बाजारातून काळंभोर गंगावन आणलं, पण ते सरळ आणि गुळगुळीत. ताईच्या राठ कुरळ्या केसांवर ते उसनं आणल्यासारखं दिसे. गंगावनं बनवणाऱ्या अक्कांनी ते बाजूला सारलं, ताईची एक बट पाण्यात बुडवली, मग माझी बुडवली आणि दोन्ही वाळेपर्यंत बसून राहिल्या. "रंग कोणीबी जुळाडी. पोत जुळाले पाहिजे, पोत!" असं म्हणून त्यांनी माझी वेणी हातात घेतली. मी सोळा वर्षांची होते. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

लग्नानंतरही सांगायचं राहिलं. आज सांगू, बाळंतपणानंतर सांगू... मग इतकी वर्षं लपवलं हेच लपवायचं होऊन बसलं. ताई पंख्याखाली बसत नसे, माहेरी आल्याशिवाय मोकळ्या डोक्याने झोपत नसे. आणि दर तीन-चार वर्षांनी माझी वेणी अक्कांकडे जाई. मैत्रिणींनी बॉबकट केले, मी मात्र केस वाढवत राहिले. कधी चिडून म्हणायचे, "मी काय तुझं शेत आहे?" ताई हसायची, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर ऑपरेशन सांगत होते, ही टाळत होती. एकदा फोनवर हळूच म्हणाली, "आत नेताना डोक्याला टोपी घालतात ना गं? त्याआधी सगळ्या पिना काढायला लावतात का?"

"विचारून सांगते," म्हणाले. नाही विचारलं. खड्यांमुळे पू होऊन त्याचं विष अंगभर पसरलं तेव्हा उशीर झाला होता.

शेवटची आंघोळ मीच घातली, दार लावून. गंगावन काढलं नाही. पिना चाचपून पाहिल्या, पदर नीट केला आणि दार उघडलं. माझी मलाच किळस आली.

तेराव्याला भाऊजींनी मला खोलीत बोलावलं. हातात कागदाची पुडी होती. ताईच्या फणीत अडकलेली गुंतवळ त्यांनी जपून ठेवली होती, हातभर लांब, कुरळी. तिच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "ऑपरेशनला का नाही म्हणाली असेल गं? तुला काही बोलली होती?"

"नाही, भाऊजी," मी म्हणाले.

या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी भाऊजी अक्षर न् अक्षर वाचतात. समोर बसून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. भाऊजी, त्या पुडीतले केस माझे आहेत. तिचे आखूड होते. ते आम्ही तुम्हाला कधी पाहूच दिले नाहीत.