नव्याच्या दिवशी मोजत नाहीत

"आणि ही आमच्या संशोधक विद्यार्थिनीची आई," असं म्हणून सरांनी लेझरचा लाल ठिपका माझ्या मायच्या नाकावर ठेवला.

सभागृहात हशा पिकला. फार मोठा नाही. चर्चासत्रात हसतात तेवढाच, तोंडावर रुमाल धरून. पडद्यावर माय भिंतीएवढी झाली होती. उकिडवी बसलेली, पदर खोचलेला, हातात पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात नव्या ज्वारीच्या कण्या. ठिपका नाकावरून घसरला, गळ्यावर आला, पोटाशी थांबला, मग द्रोणाभोवती गोल गोल फिरू लागला. माशी बसावी आणि हाकलताही येऊ नये, तसं मला झालं.

"अनुत्पादक उपभोग," सर म्हणाले. "पिकलं की पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला वाढून मोकळे. प्रश्न गरिबीचा नाही, मित्रहो. प्रश्न सवयीचा आहे."

मी मंचाच्या कडेला तबक घेऊन उभी. अंगावर लुगडं. आमचं पारंपरिक म्हणे. असलं लुगडं माझ्या मायनं कधी नेसलं नाही, आजीनंही नाही. गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून सरांनी ते मागवलं होतं. त्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा आणि पावडरीचा वास येत होता. गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा. आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "तू तुमच्या पोशाखात ये. समोर काहीतरी दिसलं पाहिजे लोकांना."

काहीतरी. म्हणजे मी.

हे सर म्हणजे वर्ध्याच्या एका कॉलेजातले समाजशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते आणि त्यांच्याच प्रकल्पावर सहायक म्हणून कामाला होते. दोन्ही दोऱ्या त्यांच्या हातात. त्यांची सही झाली तर मी डॉक्टर, नाही झाली तर सिंदी मेघेच्या भाड्याच्या खोलीतून गाशा गुंडाळून आष्टी तालुक्यातल्या माझ्या गावी परत. आमच्या गोंडांच्या टोल्यातून, म्हणजे वस्तीतून, कॉलेजात शिकवायला अजून कुणी गेलेलं नाही. माय सगळ्यांना सांगायची, माझी पोरगी मास्तरीण होणार, मोठ्या शाळेतली. तेव्हा लुगडं नेसायला मी नाही म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

सर परदेशात एक वर्ष राहून आले होते. तिथून त्यांनी एक अभ्यास आणला. शे-सव्वाशे वर्षांमागं चेक लोक अमेरिकेत गेले, ग्रीकही गेले. दोघेही फाटके. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं पुढं काय झालं? कुणी शेती केली, कुणी खानावळी काढल्या, कुणाची मुलं आधी कॉलेजात गेली, कुणाची घरं आधी झाली, कोण आपल्याच लोकांत लग्न करत राहिलं. दोन समाज शेजारी शेजारी ठेवून बघायचे. सर म्हणायचे, यात जात नाही, पात नाही, निव्वळ शास्त्र आहे. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांच्या स्लाइडी मीच तयार करायचे. प्राग कुठं आहे, हे मला आमच्या शेजारच्या आर्वीपेक्षा चांगलं ठाऊक झालं होतं.

मग सरांनी त्याचा 'वर्धा नमुना' काढला. ग्रीकांच्या जागी राजस्थानातून आलेले व्यापारी. आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. जंगलाला कुंपण पडल्यावर कामासाठी डोंगराकडून खाली उतरलेली गोंड कुटुंबं. "दोघंही स्थलांतरित," सर म्हणाले. "एकानं संधी घेतली, दुसऱ्यानं दवडली."

व्यापाऱ्यांच्या बाजूनं मंचावर एक शेठजी बसले होते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी. त्या दिवशीचं जेवणही त्यांच्याचकडून. त्यांना सोफा, शाल, श्रीफळ. त्यांना बोलायला माईक. आमच्या बाजूनं मी. मला तबक आणि उभं राहायचं. दोन समाजांची तुलना मंचावर मांडलेलीच होती, स्लाइडीची गरजच नव्हती.

शेठजी माणूस तोंडानं गोड. म्हणाले, "हमारे दादाजी राजस्थान से सिर्फ लोटा-डोरी लेके आये थे. पैदल. मेहनत केली, पोट मारून बचत केली. किसी का लिया नहीं." आणि मग माझ्याकडं बघून, "ये लोग बहोत भोले होते हैं. दिल के साफ. बस, कल का सोचते नहीं."

भोळे. या शब्दाची मला किळस येते. शिवी परवडली. शिवीला उलटून शिवी देता येते. भोळा म्हणणारा आधी तुमच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि टाळूच काढून नेतो. आणि आपण वर हसायचं, कारण कौतुक झालेलं असतं.

आता त्या फोटोचं सांगते.

दिवाळीनंतर आमच्याकडं नवं खातात. नवी ज्वारी घरात आली तरी ती कुणी तोंडात घालत नाही. आधी पुरखे, म्हणजे गेलेले वाडवडील. त्यांच्या नावानं घास ठेवायचा, मग दारात जो असेल त्याला, मग घरच्यांनी. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. नव्याच्या दिवशी काही मोजायचं नाही. मापाची पायली धान्यात बुडवायची नाही, जेवायला किती बसले ते बघायचं नाही, बकऱ्यासुद्धा मोजायच्या नाहीत. आणि ज्यानं आपल्या घरचं नवं खाल्लं तो त्या दिवसापासून घरचा. त्यानं पुन्हा कधी आपलं घर मोजू नये. लहानपणी मी बोटावर पत्रावळी मोजल्या तर मायनं माझ्या बोटांवर चापट मारली होती.

सरांना गाव बघायचं होतं, तेव्हा मी त्यांना त्या दिवशी घेऊन गेले. माय हरखून गेली होती. पोरीचा गुरू घरी आला. तिनं शेजारून खुर्ची आणली. पण नवं खुर्चीवर बसून खात नाहीत, म्हणून तीच पुन्हा संकोचून म्हणाली, "सर, इथं खालीच बसा लागते. तुमाले चालंल ना?"

सर बसले. मांडी घालून बसले, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. मायनं पुरख्यांचा घास ठेवला आणि दुसरा द्रोण भरून पहिल्यांदा सरांपुढं धरला. सर म्हणाले, "एक मिनिट, असाच धरून ठेवा," आणि मोबाईल काढला. माय तशीच द्रोण धरून बसली. हसली नाही, कारण फोटोत हसायचं नसतं असं तिला वाटतं. फोटो काढून झाल्यावर सरांनी तो द्रोण घेतला आणि खाल्ला. दुसरा मागितला. तोही खाल्ला. बोटं चाटली. म्हणाले, "अमृत आहे हो."

मग ते उठले आणि अंगणात पंगतीवरून बोट फिरवत पत्रावळी मोजू लागले. तोंडानं पुटपुटत.

मायच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ती घाईनं त्यांच्या मागं गेली. "सर, आज नोका मोजू. नव्याच्या दिसी मोजत नाईत."

सरांनी मान डोलावली. मला म्हणाले, "इंटरेस्टिंग. ही समजूत लिहून घे." आणि शेवटपर्यंत मोजलं.

त्याच अंगणातल्या पत्रावळी आता भिंतीवर आकडा होऊन उमटल्या होत्या. मायच्या डोक्यावर. खाली ओळ: 'बचतीची संस्कृती नसणे.' ही स्लाइड मी केलेली नव्हती. सरांनी ती स्वतः रात्रीतून घातली होती.

आणि मला दिसलं, फोटोत मायचा हात कुणाकडं पुढं झालाय. कॅमेऱ्याकडं. कॅमेऱ्यामागं बसलेल्या माणसाकडं. ज्या द्रोणाभोवती तो लाल ठिपका फिरत होता, तो द्रोण याच माणसानं चाटूनपुसून खाल्लेला. अन्न याच्या पोटात गेलं, आणि उधळपट्टी मायच्या नावावर.   

त्याच वेळी आणखी एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. चेक आले. ग्रीक आले. जमीन मिळाली, गावं वसली, शहरं वाढली. पण ती जमीन रिकामी होती का? तिथं आधी जे राहत होते त्यांचं काय झालं, हे इतक्या महिन्यांत एकाही स्लाइडवर नव्हतं. मीच केलेल्या स्लाइडी, आणि मलाच दिसलं नव्हतं. आणि इथं? शेठजींचे आजोबा लोटा-डोरी घेऊन आले, बरोबर. मग इंग्रजी अमलात मालगुजार झाले, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे गावमालक. त्यांना गावं मिळाली. गावाबरोबर गावातली झाडं, पाणी आणि वेठीला माणसं. ती माणसं कोण? आम्ही कुठून आलो नव्हतो. आम्ही इथंच होतो. ज्याला घरातून उठवून अंगणात बसवलं, त्याला तुम्ही पाहुणा म्हणता आणि विचारता, इतकी वर्षं झाली, तू घर का नाही बांधलंस?

सर बोलतच होते. "आता ही मुलगी आपल्याला जेवणाआधी त्यांचं एक गाणं म्हणून दाखवेल."

मी तबक खाली ठेवलं. प्रोजेक्टर पहिल्या रांगेपुढच्या टेबलावर होता. मी खाली उतरले, त्याच्यापाशी गेले आणि भिंगावर तळहात ठेवला. पडद्यावर अंधार झाला. माय गेली. ठिपका तेवढा राहिला, काळ्या पडद्यावर इकडंतिकडं हलत.

"सर, हा फोटो काढा," मी म्हणाले.

"काय चाललंय हे? जागेवर जा."

"त्या द्रोणातलं कुणी खाल्लं, ते सांगा आधी."

सरांचा माईक चालूच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. सर हसायला गेले, पण हसू ओठातच अडकलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, जणू कण्या अजून तिथं लागल्या होत्या. शेठजी पुढं झुकून म्हणाले, "बेटा, सर तो तुम्हारी ही भलाई की बात कर रहे हैं."

"तुमच्या आजोबांना गाव कुणी दिलं, तेही सांगा," मी म्हणाले. "स्लाइड मी करून देते."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलंही नाही. मागच्या रांगेत आदिवासी वसतिगृहातली चार पोरं होती, ती खाली बघत बसली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याही दोऱ्या कुणाच्या तरी हातात असणार. सरांनी लॅपटॉप बंद केला तेव्हाच मी हात काढला. तळहात भाजला होता. प्लास्टिकच्या माळा काढून तबकात टाकल्या आणि जेवण न करता निघाले. सेवाग्रामच्या रस्त्याला ते लुगडं नेसून चालत होते, तर एक ऑटोवाला थांबून म्हणाला, "नाटक हाय का ताई कुठं?"

"संपलं," मी म्हणाले.

प्रकल्पातून मला काढलं. सरांनी मार्गदर्शन करायला नकार दिला. कारण दिलं, विद्यार्थिनीत वस्तुनिष्ठता नाही. एका मॅडमनी जवळ बोलावून समजावलं, "माफी माग. ते मोठ्या मनाचे आहेत." ज्याच्या पोटात माझ्या घरचं नवं गेलंय, त्याच्या मनाचं माप मला नका सांगू, हे ओठांवर आलं होतं. नुसतं "नाही" म्हणाले.

गावी गेले. माय चुलीपुढं होती. मला वाटलं, रडेल. मास्तरीण होणारी पोरगी हात हलवत आली.

"काऊन भांडली तू त्याईच्याशी?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. फोटो, ठिपका, लोकांचं हसणं, शेठजी. ती लाकडं सारत ऐकत राहिली. फोटोचं तिला काही वाटलं नाही. हसण्याचंही नाही. आकड्याचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"खाल्लं तं खाल्लं," ती म्हणाली. "आपून खायलेच देल्लं होतं. पण मी नाई म्हटल्यावर मोजलं काऊन त्यानं?"

तिनं एक लाकूड चुलीत आत सारलं. मग म्हणाली, "तो पुन्हा आला तं त्याले पानी दे. नवं नाई द्याचं."

सकाळी निघताना तिनं मला काहीच विचारलं नाही. मास्तरीण कधी होशील, हेही नाही. फक्त म्हणाली, "जाय. जे करून राह्यली ते पुरं करजो."

मी विषय बदललेला नाही. दोन समाजांची तुलनाच करणार आहे. कोण आलं आणि कोण आधीपासून होतं, कुणाला काय मिळालं आणि ते कुणाकडून निघालं. चेकांच्या, ग्रीकांच्या आणि शेठजींच्या शेजारी, जे आधीपासून होते त्यांची ओळ मी लिहिणार आहे. मार्गदर्शक अजून मिळालेला नाही. मिळेल किंवा नाही मिळणार. सहीवाचून डॉक्टर होता येत नाही, पण मोजता येतं.

ज्याच्या घरचं नवं खाल्लं, त्याचं घर मोजू नये. ही रीत मी मोडणार नाही. शेठजींच्या घरचं मी कधी पाणीही प्यायले नाही. मोजायला तिथूनच सुरुवात करणार आहे.