रस्ता वाढवणारे काका

माझ्या वडिलांच्या एका वर्गमित्राइतका ठामपणे चुकणारा माणूस अख्ख्या कॅलिफोर्नियात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. चुकणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती चुकताना जरा तरी चाचरतात, इकडेतिकडे बघतात, कुणाला तरी विचारतात. काकांनी आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. ते रस्ता सांगत. ऐंशीच्या दशकात मी शिकायला तिथे गेलो तेव्हा मला घ्यायला विमानतळावर तेच आले होते. दीड दिवसाच्या प्रवासानं माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि अंगात आईनं शिवून घेतलेला सूट होता. "झोपलास तर मेलास," काका म्हणाले, "जेट लॅगवर एकच औषध, चढ." आणि दोन बॅगा डिकीत तशाच ठेवून त्यांनी मला घरी न नेता थेट डोंगरावर नेलं. अमेरिकेतलं माझं पहिलं जेवण मी नदीकाठच्या एका दगडावर बसून केलं, दशमी आणि दाण्याची चटणी. अमेरिकेबद्दल वडिलांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात फक्त पायाच्या फोडांचं वर्णन आहे.

तिथलं आमचं गाव आणि समुद्र यांच्या मधे डोंगरांच्या तीन-चार रांगा होत्या आणि त्यांच्या तळाशी एक नदी. हवा मोठी विचित्र. पाऊस पडायचा तो हिवाळ्यात, आणि उन्हाळाभर थेंब नाही. एप्रिलात हिरवेगार असलेले डोंगर जुलैत पार वाळून पिवळे पडत, आणि त्यावर काळपट हिरवे ओक तेवढे तग धरून असत. "देवानं इथे पंचांग उलटं धरलंय," असं काका दर वर्षी नव्यानं शोध लागल्यासारखं सांगत. या डोंगरांतल्या झाडून सगळ्या पायवाटांना सरकारनं नावं दिलेली होती, पाट्या लावलेल्या होत्या, नकाशे फुकट वाटले जात होते. काका पाटी वाचत नसत. "पाट्या ज्यांना माहीत नसतं त्यांच्यासाठी," ते म्हणत, आणि पाटीकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत. वाटांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. एका उभ्या चढणीचं नाव ग्रीनकार्ड, कारण माथा आला आला वाटतं आणि येत नाही. दुसऱ्या एका वाटेला माझ्या प्रबंधाचं नाव होतं, कारण ती गोल फिरून निघाली तिथेच येऊन संपायची. नकाशा उघडून गोंधळलेलं एक अमेरिकन जोडपं एकदा वाटेत भेटलं. काकांनी त्यांचा नकाशा हातातून घेतला, व्यवस्थित घडी घातली, त्या माणसाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "फॉलो मी." तीन तासांनी आम्ही चौघं एका अनोळखी माणसाच्या घोड्यांच्या तबेल्यात निघालो. तबेल्याच्या मालकानं आम्हांला आपल्या ट्रकमधून परत आणून सोडलं. उतरताना त्या बिचाऱ्या जोडप्यानं काकांचे आभार मानले आणि काकांनी ते स्वीकारले. मी चिडून म्हणालो, "काका, रस्ता चुकलात ना?" तर शांतपणे म्हणाले, "चुकला नाही रे. वाढला."

त्यांचा वेशही पाहण्यासारखा असे. खाली ऑफिसची इस्त्रीची पँट, वर घरून आलेला हातविणीचा स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी. कमरेचा पट्टा म्हणून ते जुना टाय बांधत. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते खणखणीत आवाजात "राम राम" घालत, आणि नवल म्हणजे लोक हसून काहीतरी तसंच उलट म्हणत. पेशानं ते स्थापत्य अभियंता असल्यामुळे कुठलीही वाट त्यांच्या पसंतीला उतरत नसे. हे वळण इकडून काढायला हवं होतं, ही चढण वीस पावलं आधी सुरू करायला हवी होती, असं जाता-येता चाललेलं असे. अशा माणसाच्या मागून चालताना दमायला वेळच मिळायचा नाही.

एवढ्या ठाम माणसाचं आयुष्यात एकाच गोष्टीपुढे काही चालत नव्हतं, ती म्हणजे काकू. काकूंनी आपल्याबरोबर एकदा, फक्त एकदा, नदीपर्यंत चालत यावं ही काकांची फार इच्छा होती. दर शनिवारी सकाळी बूट घालता घालता ते विचारत, "येतेस का?" आणि आतून उत्तर येई, "नाही." घरी पाहुणे असले तरी विचारत, काकूंना ताप असला तरी विचारत. काकू बँकेत काउंटरवर काम करायच्या. "आठवडाभर मी उभी असते. सॅटर्डेला मला पाय वर करून बसायचंय," त्या म्हणत. पण खरा मुद्दा निराळा होता आणि तो बिनतोड होता. "वर देऊळ आहे का?" त्या मला विचारत. मी नाही म्हणालो की म्हणत, "मग चढायचं कशाला? आणि तुमची ती नदी, तिच्यावर घाट आहे का? नुसतं जायचं, पाणी बघायचं आणि यायचं? कुणी सांगितलंय?" काका व्यायामाचे फायदे सांगत, हवेचे गुण सांगत, कोलेस्टेरॉलचे आकडे सांगत. एरवी अनोळखी अमेरिकनांना तबेल्यात नेऊन सोडणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला चौदा वर्षांत फाटकाबाहेर काढू शकला नव्हता. गाडीत बसल्यावर निघण्याआधी ते एकदा घराच्या दाराकडे वळून बघत, ते मला दिसत असे.

मग एका भाद्रपदात काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असे आणि पन्नास-साठ मैलांवरून मराठी मंडळी आरतीला येत. पूजेला एकवीस प्रकारच्या पत्री लागतात. त्या तिथे कुठून मिळणार? काकू दर वर्षी दुकानातला पालक, कोथिंबीर आणि पुदिना वाहून वेळ मारून नेत आणि दर वर्षी हळहळत. काका म्हणाले, "अगं, जंगलभर पानं आहेत. देवासाठी तरी चल." आता हे कारण कारणासारखं कारण होतं. काकू टोपली घेऊन गाडीत बसल्या. काकांचा चेहरा त्या सकाळी मी पाहिला आहे. बोहल्यावरसुद्धा तो इतका खुलला नसावा.

वाटेच्या तोंडाशीच मोठी पाटी होती. काकांनी सवयीनं तिच्याकडे पाठ केली. पहिल्या वळणावर एका ओकच्या बुंध्यावर एक वेल चढली होती, पानं लालबुंद, तकतकीत, आणि प्रत्येक देठाला तीन-तीन. काका थबकले. "हे बघ! त्रिदळ! हा इथला बेल." काकूंनी पान हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. या देशात आल्यापासून आपल्या देवाच्या उपयोगाचं असं त्यांना कुठे काही उगवलेलं दिसलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी टोपलीभर त्रिदळं खुडली, आणि टोपली भरल्यावर काम झालं म्हणून तिथूनच मागे फिरल्या. नदी राहिली. "पुढच्या वेळी," काका समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आरतीला तीसेक माणसं होती. मंत्रपुष्पांजलीला काकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक त्रिदळ दिलं आणि अमेरिकेतल्या बेलावर छोटंसं भाषणही दिलं. तिसऱ्या दिवशी फोन खणखणू लागले. निम्मी मंडळी कोपरापर्यंत खाजवत होती. त्यांतल्या एका डॉक्टरांनी स्वतःचाच हात बघून निदान केलं, पॉयझन ओक नावाची विषारी वेल. त्याचं चित्र आणि "हात लावू नका" ही सूचना त्या पाटीवर मोठ्या अक्षरांत होती, शिवाय पानं तोडायला बंदी असल्याचंही तिथेच लिहिलं होतं. काही थोड्या लोकांना त्या वेलीचं काही होत नाही. काका त्या थोड्यांपैकी निघाले, त्यांच्या अंगावर साधी पुळीसुद्धा उठली नाही, त्यामुळे त्यांची कुणाला दयाही येईना. सुरुवातीला ते म्हणून पाहत होते, "गणपतीला काही झालं का? नाही ना?" पण काकूंचे हात बघितल्यावर त्यांनी तेही बंद केलं. दोन्ही हात सुजून फोडांनी भरले होते. वाटीसुद्धा धरवत नव्हती.

आठवडाभर काका रजेवर होते. काकूंना भरवणं, त्यांची वेणी घालणं, फोडांना औषध लावणं सगळं त्यांनी केलं. वेणी वाकडी येई, पण काकू रोज पुन्हा त्यांच्यापुढे पाठ करून बसत. शनिवार आला आणि गेला, काकांनी बूट घातले नाहीत. पुढचाही गेला. मी भेटायला गेलो तर ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून जंगलखात्याचं माहितीपत्रक वाचत बसले होते. मला बघून म्हणाले, "यात सगळं लिहिलेलं असतं रे." त्यांना इतकं खरं बोलताना ऐकून मी घाबरलोच. ते आता पुन्हा डोंगरात जाणार नाहीत, असं मला वाटलं.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्याकडे चहा घेत असताना काकू पातळ वर खोचून, लांब बाह्यांचा स्वेटर घालून बाहेर आल्या. "उठा," त्या काकांना म्हणाल्या, "इतक्या लोकांना खाजवायला लावलंत, ती नदी तरी बघू दे मला."

काकू वर्षानुवर्षं काउंटरवर उभ्या राहिलेल्या. त्या आम्हां दोघांच्या पुढे चालत होत्या. काका वाटेतली प्रत्येक पाटी थांबून वाचत होते. नदी त्या दिवसांत अगदी बारीक झाली होती, दगडांमधून जेमतेम वाट काढत होती. काकूंनी पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे येऊन काय करत होतात?"

"बसत होतो," काका म्हणाले.

"एकटेच?"

"हा असतो ना," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हा यायच्या आधी?" काकांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. काकू म्हणाल्या, "मला एकदा म्हणायचं होतंत."

"दर शनिवारी म्हणत होतो की, चल म्हणून."

"चल म्हणत होतात. व्यायाम म्हणालात, हवा म्हणालात, कोलेस्टेरॉल म्हणालात. मला एकट्याला करमत नाही, हे कधी म्हणालात?"

काकांनी डोक्यावरची माकडटोपी काढून हातात धरली. त्यांना तसं मी प्रथमच पाहत होतो. मी उगाचच उठून काठाकाठानं थोडा लांब गेलो. परत वळलो तेव्हा काकांनीही पाण्यात पाय सोडले होते, आणि बोलत होत्या त्या काकू.

पुढच्या शनिवारी काकांनी मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर जरा वाईटही वाटलं.