चहाला या

एका मंगळवारी आप्पांनी मासिक बंद केलं.

आप्पा आमचे संपादक, मी त्यांची मदतनीस. मासिक बंद होऊन आता वर्ष झालं. आज दुपारी शेजारच्या काकू फोनवर एक संकेतस्थळ उघडून आल्या. "ऐक गं, कसलं सुंदर लिहिलंय!" म्हणत वाचू लागल्या. घोंगडी विणणाऱ्या एका म्हातारीवरचा लेख होता. पहिल्याच वाक्याला मी ओळखला. त्या लेखासाठी आप्पा एस.टी.ने दोनदा तिच्या गावी जाऊन आले होते.

पूर्वी कुणाला आमचा लेख हवा असला की आधी पत्र येई. मग 'साभार' असं छापलेला अंक आणि थोडं मानधन. या संकेतस्थळाने न विचारताच सगळे अंक उचलले. वाचक तिकडे फुकट वाचू लागले, आमचे वर्गणीदार गळत गेले. आप्पांनी मोबदला मागितला, तर उत्तर आलं, "तुमची प्रसिद्धीच होतेय की!"

दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचं काही कमी होत नाही म्हणतात. पण पहिल्यात कुणाला तरी तेल घालावं लागतं.

काकू शेवटाला आल्या आणि हसल्या. लेखाबरोबर आमची तळटीपही तशीच उचलली गेली होती : 'संध्याकाळी कार्यालयात या. चहा घ्या, वर्गणी भरा.'

"अगं, चहाला बोलावलंय यांनी! जाऊया का?"

कार्यालयाच्या खोलीत आता शिवणाचा क्लास भरतो. आमचं निमंत्रण तेवढं त्यांच्या पानावर आहे.