गुरुजींना दिलेली इंग्रजी चिठ्ठी

मुलांनो, शाळेत रोज दम लागेपर्यंत पळवतात, अशी तक्रार तुम्ही काल फोनवर केलीत, म्हणून हे लिहिते.

आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहत होतो. तुमची आई तेव्हा सात वर्षांची होती आणि हिवाळाभर खोकायची. पळून खोकला वाढेल या भीतीने, तिला कवायतीतून वगळावे अशी चिठ्ठी मी गुरुजींना पाठवली. सवयीने ती इंग्रजीत लिहिली.

संध्याकाळी ती लालबुंद होऊन, धुळीने माखून घरी आली. एरवी अर्धी भाकरी न संपवणारी मुलगी त्या दिवशी दोन जेवली. मी तडक गुरुजींकडे गेले. ते पलटणीतून परतलेले गृहस्थ होते.

"बाई, आमाला कुठं इंग्रजी येतंय? वाटलं, पोरीला चांगली पळवा म्हनून लिवलंय. मैदानाला चार फेऱ्या मारल्या तिनं. पयल्या फेरीला लई खोकली, मंग थांब म्हनलं तर थांबंना."

मी भांडायला गेले होते, पण मराठीत दुसरी चिठ्ठी काही लिहिली नाही. मी तिला जपत नव्हते, नुसती बसवून ठेवत होते, हे आज कळते. पुढे दोन हिवाळ्यांत खोकला गेला. तिचे पळणे अजून चालू आहे.