टेपवरचे काका

ड्रॉवर आवरताना जुनी कॅसेट हाती आली आणि नाशिक रोडची ती दुपार आठवली. पुण्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जायचं, तर मला जर्मनची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं. शेजारचे काका कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरांकडून ती भाषा शिकले होते. काका वारले, पण काकूंकडे त्यांच्या आवाजातले धडे होते. टेपवर ते एक वाक्य म्हणत, खाकरत आणि माझ्यासाठी थांबत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकूंच्या घरी मी टेप न लावताच अख्खा धडा म्हटला. स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली, “अहो, चहा झालाय. बिनसाखरेचाच केलाय.”

मी खाकरलो आणि म्हणालो, “आलो.”

तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, ते ‘आलो’ मी म्हणालोच नव्हतो.